कौशल्य प्रशिक्षणावर खर्च करताना गोव्यातील उद्योजकांनी या चुका टाळाव्यात

वेर्णा, कुंडई, बेतोडा किंवा तुये येथील औद्योगिक वसाहतीत कोणत्याही कारखानदाराशी थोडा वेळ बोलले, की ‘कामाची माणसेच मिळत नाहीत’ ही तक्रार हमखास ऐकायला मिळते. आणि त्याच वसाहतीला लागून असलेल्या गावात ‘आमच्या मुलांना कंपनीत घेत नाहीत’ ही तक्रार तितक्याच तळमळीने मांडली जाते. मे २०२४ मध्ये गोव्यातील कारखान्यांतील जागांसाठी काही औषध कंपन्यांनी महाराष्ट्रात मुलाखती ठेवल्याचे जाहिरातींमधून उघड झाले, तेव्हा सर्व पक्षांनी ओरड केली आणि सरकारलाही त्याची दखल घ्यावी लागली. या दोन्ही तक्रारींवर उपाय म्हणून प्रशिक्षणाचे नाव घेतले जाते, त्यासाठी पैसाही खर्च होतो, फलक लागतात, प्रमाणपत्रे वाटली जातात, आणि वर्षभराने पाहावे तर जागा रिकाम्याच असतात आणि मुलेही घरीच असतात.

प्रशिक्षक चांगला नव्हता किंवा मुलांना शिकण्याची गोडी नव्हती, ही दोन कारणे अशा वेळी ताबडतोब पुढे केली जातात. प्रत्यक्षात बहुतेक उपक्रमांमध्ये वर्गातील शिकवणे बऱ्यापैकी ठीक असते. बिघाड होतो तो वर्ग सुरू होण्याआधी घेतलेल्या निर्णयांत आणि वर्ग संपल्यानंतर न घेतलेल्या निर्णयांत. पुढे ज्या चुकांचा विचार केला आहे, त्या जवळजवळ सगळ्या या दोन टप्प्यांतल्या आहेत.

जागा ठरण्याआधी अभ्यासक्रम ठरवणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. साधारण जानेवारी-फेब्रुवारीत एखादी प्रशिक्षण संस्था आपले माहितीपत्रक घेऊन येते, त्यात संगणक, संभाषणकौशल्य, विक्रीकौशल्य असे ठरीव अभ्यासक्रम असतात, आर्थिक वर्ष संपत आलेले असते, आणि व्यवस्थापन त्यातला एक अभ्यासक्रम निवडून मोकळे होते. आपल्याकडे पुढील बारा महिन्यांत नेमक्या कोणत्या जागा भरायच्या आहेत, त्या जागेवरील माणसाने सकाळी आल्यापासून काय काय करायचे आहे आणि त्यातले कोणते काम आज नीट होत नाही, हे प्रश्न कोणीही विचारलेले नसतात.

हे प्रश्न किती बारकाईने विचारायला हवेत, ते औषधनिर्मितीच्या एका उदाहरणावरून दिसेल, कारण गोव्याच्या कारखानदारीत या उद्योगाचा वाटा मोठा आहे. ब्लिस्टर पॅकिंगच्या, म्हणजे गोळ्या फॉइलच्या पट्टीत बंद करणाऱ्या, यंत्रावर ऑपरेटर हवा आहे, असे म्हटल्याने काहीच सांगितले जात नाही. एका औषधाचे पॅकिंग संपवून दुसरे सुरू करताना या माणसाला आधीच्या औषधाची प्रत्येक गोळी, फॉइलचा प्रत्येक तुकडा यंत्राखालून आणि पट्ट्याच्या कडेतून काढून टाकावा लागतो आणि गुणवत्ता विभागाकडून लाइन क्लिअरन्स, म्हणजे जागा साफ असल्याची मंजुरी, घ्यावी लागते. नंतर यंत्राचे सुटे भाग बदलावे लागतात, सीलिंगचे तापमान फॉइलच्या प्रकारानुसार ठरवावे लागते, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पहिल्या पट्टीवर नजरेने तपासावी लागते, आणि मग काही पट्ट्या निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून निर्वात करून पाहावे लागते. कप्प्यात निळे पाणी शिरले, तर सीलिंग कच्चे आहे. आता खरा प्रश्न असा की पाणी शिरलेले दिसल्यावर हा माणूस काय करतो? नवखा ऑपरेटर बहुधा तापमान वाढवतो. अनुभवी ऑपरेटर आधी दाब, सीलिंग प्लेटवर बसलेली कीट आणि फॉइलचा रोल पाहतो, कारण तापमान वाढवल्याने सील बसल्यासारखे वाटले तरी फॉइल सुरकुतते आणि दोष तसाच राहतो. प्रशिक्षणातून नेमके हे यायला हवे आणि ते कोणत्याही छापील माहितीपत्रकात सापडत नाही.

म्हणून प्रशिक्षण संस्थेला बोलावण्यापूर्वी प्रत्येक जागेसाठी एक पान लिहून काढावे. त्या पानावर कामे क्रियापदांत लिहावीत, म्हणजे ‘यंत्राचे ज्ञान’ असे न लिहिता ‘सुटे भाग बदलतो, पहिली पट्टी तपासतो, दोष दिसल्यावर यंत्र थांबवून अमुक तीन गोष्टी पाहतो’ असे लिहावे. हे पान मनुष्यबळ विभागाने एकट्याने लिहू नये. त्या यंत्रावर दहा वर्षे काढलेल्या माणसाला शेजारी बसवून लिहावे. ते पान हातात असेल, तर संस्थेचा अभ्यासक्रम आपल्या कामाचा आहे की नाही, हे अर्ध्या तासात ठरते. ते नसेल, तर रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे अशी गत होते.

याच विषयात एक पोटचूक आहे. हाताशी अनुभवी माणसे असतानाही त्यांना कोऱ्या पाटीसारखे पहिल्या धड्यापासून शिकवले जाते. मांडवी आणि जुवारीच्या काठांवरील बार्ज दुरुस्तीच्या यार्डांत वर्षानुवर्षे वेल्डिंग केलेल्या माणसाकडे कागद नसतो, म्हणून त्याला नवशिक्यांच्या वर्गात बसवले, तर तो दुसऱ्या दिवसापासून येत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याचा स्वतंत्र मार्ग आहे. अशा माणसाची प्रथम परीक्षा घ्यावी, जे येत नाही तेवढेच शिकवावे आणि प्रमाणपत्र मिळवून द्यावे.

‘वाचले, समजले, सही केली’

औषध आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत प्रशिक्षणाच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. औषधनिर्मितीच्या योग्य पद्धती ठरवून देणारे सुधारित शेड्यूल एम डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाल्यापासून तर लहान कारखान्यांनाही या नोंदींकडे दुर्लक्ष करणे शक्य राहिलेले नाही. यातून एक वाईट सवय बळावली आहे. कार्यपद्धतीचा वीस पानांचा इंग्रजी दस्तऐवज कामगारासमोर ठेवायचा, रजिस्टरवर सही घ्यायची आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचे. तपासणीसाठी तो कागद आवश्यक आहे हे मान्य. पण तो प्रशिक्षणाच्या खर्चात धरून ‘आम्ही कामगारांवर इतके तास खर्च केले’ असे वार्षिक अहवालात लिहिणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. नियमपालनाच्या नोंदी आणि हाताला वळण लावणारे प्रशिक्षण यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. कामगार सही करण्याऐवजी ते काम पर्यवेक्षकासमोर करून दाखवतो आणि पर्यवेक्षक सही करतो, एवढा एक बदल केला तरी निम्मा फरक पडतो.

वेळ, बस आणि चवथ

हजेरी घसरली की मालक कामगारांच्या निष्ठेबद्दल बोलू लागतात. आधी घड्याळ आणि बसचे वेळापत्रक पाहावे. पाळी संपल्यावर साडेपाच ते साडेसात असा वर्ग ठेवला, तर सत्तरीतून किंवा सांग्यातून येणाऱ्या कामगाराला परतीची बस मिळत नाही. आडवाटेच्या गावांना संध्याकाळनंतर बस तुरळकच असतात. ज्याच्याकडे दुचाकी आहे तो थांबतो, उरलेले हळूहळू गळतात, आणि त्यात मुलींची संख्या सर्वाधिक असते. मग ‘मुली पुढे येत नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो. वर्ग कामाच्या वेळेत घ्यावा. ते अगदीच अशक्य असेल, तर कंपनीची गाडी वर्ग सुटेपर्यंत थांबवावी आणि त्या वेळेचे पैसे द्यावेत.

येथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, २५ कामगारांना पाच दिवस, रोज आठ तास शिकवायचे आहे; म्हणजे १,००० मनुष्यतास झाले. या तासांचे वेतन आणि थांबलेले उत्पादन यांच्या तुलनेत प्रशिक्षकाचे मानधन बहुतेक वेळा लहान रक्कम असते. तरीही अंदाजपत्रकात मानधनाची घासाघीस होते आणि वेळेचा खर्च लिहिलाच जात नाही. परिणामी उत्पादन विभागावर तो खर्च अचानक कोसळतो आणि तिसऱ्या दिवशी पर्यवेक्षक दोन कामगारांना वर्गातून उठवून यंत्रावर नेतो. पर्यवेक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्याकडून उत्पादनाचा आकडा मागितला जातो. प्रशिक्षणाच्या आठवड्यात तो आकडा लेखी स्वरूपात कमी करून द्यावा.

हॉटेल व्यवसायात वेळेची चूक आणखी ठळक दिसते. पर्यटन हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस घाईने भरती करून पंधरा दिवसांत ‘तयार’ केलेली मुले पहिल्याच गर्दीत गोंधळतात. शिकवण्याचा खरा काळ म्हणजे जून ते सप्टेंबर. पण त्या काळात अनेक ठिकाणी माणसे कमी केलेली असतात, आणि ज्याला पावसाळ्यात घरी पाठवले तो ऑक्टोबरमध्ये परत येईलच याची हमी नसते. पावसाळ्यात अर्ध्या किंवा पाऊण वेतनावर ठेवून शिकवणे महाग वाटते, परंतु दरवर्षी नव्या माणसांपासून सुरुवात करण्याचा खर्च त्याच्याशेजारी मांडून पाहावा. वेळापत्रक आखताना गणेश चतुर्थीचे दिवस मात्र सोडूनच द्यावेत. चवथीला गोंयकार घरी जाणारच. त्या आठवड्यात परीक्षा ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला गोव्याची ओळख अजून व्हायची आहे, एवढेच म्हणता येईल.

भाषेची परीक्षा घेऊन कौशल्य मोजणे

घरी कोकणी, प्राथमिक शिक्षण मराठीत, पुढचे शिक्षण इंग्रजीत, आणि कारखान्यात हिंदीत दिलेले आदेश अशी अनेक गोमंतकीय तरुणांची वाटचाल असते. शेजारच्या यंत्रावर काम करणारा ओडिशाचा किंवा उत्तर कर्नाटकातला असू शकतो. अशा वर्गाला इंग्रजी स्लाइड दाखवायच्या आणि शेवटी इंग्रजीत पर्यायी उत्तरांची परीक्षा घ्यायची, याने माणसाचे इंग्रजी मोजले जाते. त्यात उत्तम फिटर नापास होतो आणि बोलका मुलगा पहिला येतो. यावरचा उपाय खर्चिक नाही. आपल्याच यंत्राची छायाचित्रे काढून त्यावर बाण दाखवून दोन-तीन भाषांतले छोटे तक्ते तयार करावेत, प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी आणि तोंडी प्रश्न उमेदवाराला सोप्या वाटणाऱ्या भाषेत विचारावेत. सुरक्षिततेच्या सूचना कळल्या की नाही हे पाहण्यासाठी तर कामगारालाच त्या आपल्या शब्दांत परत सांगायला लावणे हा एकमेव भरवशाचा मार्ग आहे.

शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्त मजूर, हा समज

शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) अधिनियम, १९६१ आणि त्याखालील नियमांनुसार, कंत्राटी कामगार धरून ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. कायद्याच्या भीतीने उमेदवार घेतले जातात खरे, पण बहुतेक चुका त्यानंतर सुरू होतात.

पहिली चूक म्हणजे शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर करार नोंदवण्यात चालढकल. करार नोंदला गेला नाही, तर तो मुलगा कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार ठरतो की कामगार, असा वाद उद्भवू शकतो, आणि अपघात झाल्यावर हा वाद मालकाला फार जड जातो. दुसरी, त्याला जादा वेळ थांबवणे. शिकाऊ उमेदवार सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मंजुरीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही, तो राजी असला तरीही. तिसरी आणि सर्वांत सार्वत्रिक चूक ही की त्याला वर्षभर एकाच जागी, बहुधा पॅकिंगच्या टेबलावर किंवा माल उचलायला ठेवले जाते. पणजी, फर्मागुडी, म्हापसा किंवा डिचोलीच्या आयटीआयमधून दोन वर्षे फिटरचा अभ्यासक्रम करून आलेल्या मुलाला खोके बांधायला लावले, तर तो घरी जाऊन गावात काय सांगेल, याचा विचार करावा. गावातील कंपनीची प्रतिमा वृत्तपत्रातील जाहिरातीने घडत नाही; ती अशा मुलांच्या बोलण्यातून घडते.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून, जी २०१६ मध्ये सुरू झाली, विद्यावेतनाचा २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये इतका भार केंद्र सरकार उचलते. ही सवलत घेणारे अनेक आहेत. उमेदवाराचा महिन्यागणिक फिरतीचा तक्ता तयार करून तो प्रत्यक्ष पाळणारे त्यामानाने कमी आहेत. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी आपल्याकडे शिकवणारा माणूस आहे का, हे आधी तपासावे. वीस उमेदवारांमागे एक थकलेला पर्यवेक्षक असेल, तर उमेदवारांची संख्या कायद्याच्या किमान मर्यादेपर्यंत खाली आणणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

‘शिकवले की पळतात’

ही तक्रार खोटी नाही. गोव्यात चांगला शिकलेला स्वयंपाकी किंवा वाढपी जहाजावर जातो; ‘तारवटी’ होण्याची परंपरा येथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तंत्रज्ञ आखाताकडे वळतो. आणि जो कुठेच जात नाही, तो सरकारी नोकरीच्या जाहिरातीची वाट पाहत असतो. कारकुनाची जागा निघाली, तर चांगल्या यंत्रावर बसलेला मुलगाही अर्ज करतो, कारण घरच्यांच्या दृष्टीने ती नोकरी ‘पक्की’ असते.

यावर मालक दोन चुकीचे उपाय करतात. एक म्हणजे शिकवणेच बंद करणे, ज्याविषयी अधिक बोलण्याची गरज नाही. दुसरा म्हणजे बंधपत्र. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली, तेव्हापासून काही जणांना बंधपत्राचा भलताच उत्साह आला आहे. त्या प्रकरणातील कर्मचारी वरिष्ठ अधिकारी होता, बँकेला जाहिरात देऊन खुली भरतीप्रक्रिया राबवावी लागत होती, आणि रक्कम त्याच्या पगाराच्या मानाने अवाजवी नव्हती, हे न्यायालयाने विचारात घेतले होते. पंधरा हजारांवर काम करणाऱ्या मुलाकडून चार दिवसांच्या वर्गासाठी लाखाचे बंधपत्र लिहून घेणे याच्याशी त्या निर्णयाचा काही संबंध नाही. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात कितीही रक्कम लिहिली असली, तरी वाजवी भरपाईच मिळते. मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेण्याची पद्धत तर ताबडतोब बंद करावी; तिने माणूस टिकत नाही, फक्त सूड धरून निघून जातो.

माणूस टिकण्यासाठी प्रशिक्षणानंतरची पायरी आधीच जाहीर करावी लागते. अमुक कौशल्य आल्यावर अमुक पद, इतकी वेतनवाढ आणि ती या तारखेपासून, हे वर्ग सुरू होण्यापूर्वी लिहून सूचनाफलकावर लावावे. शिकण्याआधी आणि शिकल्यानंतर पगार तोच राहिला, तर प्रशिक्षण म्हणजे कामगाराला दुसरीकडे अधिक पगार मिळवून देण्याची सोय ठरते, आणि ती सोय मालकानेच स्वखर्चाने केलेली असते. लहान कारखान्यांना मोठी वेतनवाढ परवडत नाही, हे खरे आहे. त्यांच्यासाठी एकत्र येण्याचा मार्ग आहे. एकाच वसाहतीतील पाच-सहा कारखान्यांनी मिळून वेल्डर, इलेक्ट्रिशियन, फोर्कलिफ्ट चालक अशा समान जागांसाठी वर्ग चालवला आणि खर्च माणसांच्या प्रमाणात वाटून घेतला, तर एकाकडून दुसरीकडे गेलेला माणूस निदान त्याच वसाहतीत राहतो. १९०८ मध्ये स्थापन झालेले गोवा चेंबर ऑफ कॉमर्स किंवा गोवा राज्य उद्योग संघटना यांच्यासारख्या संस्थांनी असे गट बांधण्यासाठी पुढाकार घ्यावा, अशी अपेक्षा करणे गैर नाही.

आणखी एक गोष्ट येथे सांगायला हवी. एखादी व्यक्ती शिकून निघून गेली, तर तो सगळाच तोटा समजू नये. गोव्यातील खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, काही काळाने सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च महिन्यात पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतील हजारो घरे त्यात अडकली. त्या वेळी ज्याला फक्त आपला ट्रक खाणीपासून जेटीपर्यंत नेता येत होता, त्याची सर्वाधिक कोंडी झाली. ज्याला हायड्रॉलिक यंत्रणा, डिझेल इंजिन किंवा औद्योगिक वीजजोडणीची दुरुस्ती येत होती, त्याला क्रेन, एक्सकॅव्हेटर, बंदर, बांधकाम यांपैकी काहीतरी धरता आले. आपल्या एकाच यंत्रापुरते शिकवणे मालकाला सोयीचे असते, पण तालुक्याच्या दृष्टीने ते धोक्याचे असते. एकूण तासांपैकी काही तास तरी दुसरीकडे उपयोगी पडेल अशा मूलभूत कौशल्याला द्यावेत.

गावाच्या हिताच्या नावाखाली होणाऱ्या चुका

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी असेल, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी लागते. रोजगारक्षम व्यावसायिक कौशल्ये हा विषय अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत आहे, आणि कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. त्यामुळे अनेकांना वाटते की आपल्याच कामगारांचे प्रशिक्षण या खात्यात टाकता येईल. तसे करता येत नाही. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना लाभ देणारे आणि व्यवसायाच्या नेहमीच्या कामाचा भाग असलेले उपक्रम नियमांनी वगळले आहेत. लेखापरीक्षकाने हे दाखवून दिल्यावर मार्च महिन्यात धावपळ करण्यापेक्षा एप्रिलमध्येच दोन वेगळी अंदाजपत्रके करावीत. पैसा उरलाच, तरी घाईने कुठेतरी ओतू नये: चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करण्याची सोय कायद्यातच आहे.

खरी अडचण पैशाच्या खात्याची नसून निवडीची आहे. वर्षानुवर्षे गावोगावी महिलांसाठी शिवणकाम आणि ब्यूटी पार्लर हेच दोन वर्ग घेतले जातात. ही कौशल्ये वाईट नाहीत. पण एका वाड्यावर आधीच दोन शिवणयंत्रे असताना आणखी तीस जणींना ब्लाउज शिवायला शिकवून गिऱ्हाइके कुठून आणायची? त्याऐवजी त्याच महिलांना कंपनीचे गणवेश शिवण्याचे काम ठरलेल्या दराने देता येईल का, हे आधी पाहावे. काम द्यायचे ठरले, तर शिवणकामाच्या वर्गाला अर्थ आहे.

गावाला काय हवे आहे ते विचारले, तर उत्तरे बरीच वेगळी येतात. नारळाच्या बागा आहेत, पण पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, वेळेवर मिळत नाही आणि माड तसेच उभे राहतात. यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षण नारळ विकास मंडळाने २०११ पासून देशभर चालवले आहे. जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्रासारखी संस्थाही जवळ आहे. एखाद्या कंपनीने चढण्याची यंत्रे आणि विमा यांचा खर्च उचलला आणि चार तरुणांच्या कामाची साखळी बसवून दिली, तर त्यातून मिळणारा रोजगार शंभर प्रमाणपत्रांपेक्षा खरा असेल. होडी बांधणारे, जाळी विणणारे, कुंभार, सुतार, गवंडी अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. अशा ठिकाणी कंपनीने दुसरा वर्ग उघडण्याची गरज नसते. अर्ज भरून देणे, बँकेत सोबत जाणे आणि तयार मालाला आपल्या आवारात किंवा हॉटेलात जागा देणे, एवढे केले तरी पुरते.

विचारायचे कोणाला, हाही प्रश्न आहे. सरपंच आणि आमदार यांना भेटून आले म्हणजे गावाशी बोलणे झाले, असे मानले जाते. रविवारी भरणाऱ्या ग्रामसभेत जाऊन बसावे, बोलू नये, ऐकावे. तेथे कंपनीबद्दल रागाने बोलणारे दोन-तीन जण भेटतील. प्रशिक्षणाच्या निवडसमितीत त्यांपैकी एकाला घ्यावे. ओळखीच्या मुलांना प्रवेश मिळाल्याची कुजबुज सुरू झाली, की उत्तम उपक्रमही बदनाम होतो, आणि ती कुजबुज थांबवण्याचा याहून चांगला उपाय सापडणार नाही. निवडीचे निकष, अर्ज केलेल्यांची संख्या आणि निवडलेल्यांची वाडावार यादी पंचायतीच्या फलकावर लावावी. खाणव्याप्त तालुक्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या, म्हणजे खाणबाधित भागांसाठीच्या न्यासाच्या, निधीतूनही कौशल्य विकासावर खर्च करता येतो, तेव्हा तेथे तोच वर्ग दोन ठिकाणांहून सुरू होत नाही ना, याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात आधीच करावी.

काम मध्येच अडले, तर

वर्ग निम्म्यावर आला असताना हजेरी अर्ध्यावर आली, तर नोटिसा काढू नयेत. गैरहजर असलेल्या पहिल्या पाच जणांना फोन करावा आणि फोन प्रशिक्षकाने नव्हे, तर ज्याच्याशी ते मोकळेपणाने बोलतील अशा माणसाने करावा. पाचपैकी तीन उत्तरे प्रवासाची किंवा पाळीची असतील, तर दोष वेळापत्रकाचा आहे. उत्तरे ‘हे सगळे आम्हांला येते’ अशी असतील, तर निवड चुकली आहे, आणि त्या माणसांना पुढच्या टप्प्यात नेणे किंवा शिकवणाऱ्याचा मदतनीस करणे हा उपाय आहे. उत्तरे टाळाटाळीची असतील, तर बहुधा वर्गानंतर काही मिळणार नाही, असा समज पसरलेला असतो. अशा वेळी मालकाने स्वतः वर्गात जाऊन वेतनवाढीचा कागद वाचून दाखवावा.

वर्गात उत्तम असलेला कामगार यंत्रावर परत गेल्यावर जुन्याच पद्धतीने काम करू लागला, तर त्याला पुन्हा वर्गात पाठवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या पर्यवेक्षकाला काय शिकवले गेले ते माहीत आहे का, हे पाहावे. बहुतेक ठिकाणी ते माहीत नसते, आणि ‘ते वर्गातले वर्गात ठेव, इथे माल बाहेर काढ’ असे त्याने स्पष्ट सांगितलेले असते. म्हणून पर्यवेक्षकांचे प्रशिक्षण कामगारांच्या आधी, निदान दोन दिवस तरी, व्हायला हवे.

गावातील मुलांचा वर्ग संपला आणि त्यांना नोकरी मिळाली नाही, तर नवा वर्ग तूर्त थांबवावा आणि उरलेला पैसा जुन्याच तुकडीवर खर्च करावा. त्या मुलांच्या नावांची यादी, त्यांना येणाऱ्या कामांच्या पानासह, परिसरातील इतर कारखान्यांना पाठवावी, दोन महिने पगारी उमेदवारीची सोय करून द्यावी, ज्यांना वाहनचालक परवाना नाही त्यांना तो मिळवून द्यावा. परवाना हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, परंतु ज्या राज्यात कामावर पोहोचणे दुचाकीवर अवलंबून आहे, तेथे तो कित्येकदा प्रमाणपत्राइतकाच निर्णायक ठरतो. सहा महिन्यांनी प्रत्येकाला फोन करून तो कुठे काम करतो, किती मिळवतो आणि वर्गात शिकलेले काय वापरतो, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे मिळाली तशीच, न सजवता, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाला जोडावीत.